खोली सातचा फोन

मंगळवारच्या रात्री एक वाजून सतरा मिनिटांनी हे सुरू झालं. फोन बसवणाऱ्या कंपनीतले थोरले मेस्त्री रात्रपाळीच्या पोरांना ही हकिकत सांगतात. ज्याच्या बाबतीत घडलं तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला, म्हणून त्याचं नाव मात्र घेत नाहीत.

तो घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. आत बायको आणि सहा वर्षांची लेक झोपलेली. काम नेहमीचंच. एका वृद्धाश्रमातले चाळीस फोन इंटरनेटवर चालत, खाटेजवळची घंटाही त्यांच्यावरच. त्या फोनांतला जुना प्रोग्राम काढून घरबसल्या नवा चढवायचा होता. तो चढेपर्यंत फोन अकरा मिनिटं मुका. म्हणून मेस्त्रींची शिस्त होती, की आधी रात्रीच्या नर्सला कळवायचं. ती प्रत्येक खोलीत डोकावून 'सगळं ठीक' म्हणाली, की मगच बटण.

खोली सातमध्ये त्याची आई होती. तिला सलग झोप नसे. रात्रीतून चार-चारदा लेकाला फोन करायची. पाय दुखतो, नात जेवली का, एक ना दोन. त्याचे कान किटले होते. नर्स डोकावली की आई जागी होणार, म्हणून त्याने नर्सला कळवलंच नाही.

तरी घरच्या हॉलमधला फोन वाजलाच.

"बाळा, छातीत जरा…"

"सकाळी बोलू, आई. कामात आहे मी."

फोन ठेवला. यादीत खोली सात सगळ्यात वर घेतली. आजची रात्र तरी शांत जाईल, असं पुटपुटला आणि बटण दाबलं.

रात्र खरंच शांत गेली.

सकाळी नर्सने सांगितलं, रिसीव्हर कानाशीच होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

तो फोन काढून, तार गुंडाळून, खोक्यात घालून कंपनीच्या कपाटात ठेवला. कुलूप मेस्त्रींनी स्वतः लावलं.

पुढचा मंगळवार. एक सतरा. लॅपटॉपवरच्या यादीत खोली सातपुढे फोन चालू असल्याचा हिरवा दिवा लागला.

त्याने फोन दुरून बंद केला. दिवा गेला.

परत लागला.

घरात काहीच वाजलं नाही. पण हॉलमधून हळू बोलणं येत होतं…

"हो… हो, आजी…"

लेक अंधारात उभी. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. तिने तो त्याच्यापुढे केला.

"बाबा, आजी म्हणते, अकरा मिनिटं बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं."

त्याने ऐकलं…

काय ऐकलं, ते मेस्त्री सांगत नाहीत. त्यालाही विचारून झालं. तो नुसता आपल्या लेकीकडे बघतो.

सकाळी मेस्त्रींनी कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. खोकं बंद, तार गुंडाळलेली. फक्त रिसीव्हरचं कडक प्लास्टिक दाबून खोलगट झालं होतं. बोटांच्या खुणा होत्या, दोन्ही हातांच्या. मेस्त्रींनी आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली.

बसेनात. खुणा सहा वर्षांच्या हातांएवढ्या होत्या.

तेव्हा पोरांनो, बटण दाबायच्या आधी नर्सला विचारा. आणि तुमच्यामागून कामाला लागेल, त्याच्याही कानावर हे घाला.