आरशात दिसेपर्यंत

कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, मागे घेणारा नवखा माणूस दिसला, की नदीकाठच्या त्या कॅम्पातल्या खुर्च्या आपोआप त्याच्याकडे वळायच्या. फुकटचा तमाशा कोण सोडणार? ईस्टरची सुट्टी लागलेली, मसाल्यात मुरवलेल्या मासळीचे डबे गुड फ्रायडेच्या शुक्रवारपर्यंत उघडायचे नव्हते, आणि करमणूक आपल्या पायांनी चालत आली होती.

जुनी पांढरी बक्की, म्हणजे पिकअप गाडी, तिच्या मागच्या हौद्यात लाकडाच्या फळ्या, आणि मागे जोडलेली क्रीम रंगाची कॅराव्हॅन. चालक एकटाच. त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, कॅराव्हॅन उजवीकडे गेली. घाबरून उजवीकडे फिरवलं, तर ती डावीकडे... थेट रोनेलच्या मम्मीनं वाळत घातलेल्या टॉवेलांत.

"टॉवेलानं गाडी पुसून घेतोयस का रे?" शेजारच्या अंकल सिरिलनी खुर्चीतूनच विचारलं. हशा पिकला.

रोनेलला ते बघवेना. ती वूस्टरच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि फळ्यासमोर गोंधळून उभं राहिलेलं पोरगं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. ती उठली, टॉवेल बाजूला केले आणि कॅराव्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिली.

"थांब! आधी नुसता थांब."

खिडकीतून एक चेहरा बाहेर आला. ओशाळलेला, घामेजलेला, आणि डाव्या भुवईत लाकडाचा भुसा.

"एकच नियम," ती म्हणाली. "तुझ्या आरशात मी दिसले पाहिजे. दिसेनाशी झाले, की लगेच थांबायचं."

"आणि दिसत असशील तर?"

"तर माझ्या हातांकडे बघायचं. चेहऱ्याकडे नाही."

"हे जरा... अवघड आहे," तो म्हणाला, आणि आरशाकडे वळला.

पण जमलं. तिनं हात हलवला, तो हळूहळू मागे आला, आणि कॅराव्हॅन झाडाखालच्या सावलीत अलगद बसली. खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. रोनेल उजव्या चाकाखाली लाकडी पाचर सारायला वाकली, तेव्हा तिच्या नाकाला करपल्यासारखा वास आला. तिनं चाकाच्या मधोमध तळवा ठेवला आणि झटकन काढला. तवा! दुसऱ्या बाजूचं चाक मात्र जेमतेम कोमट.

तिचे डॅडी, कॅम्पातल्या सगळ्यांचे अंकल बॅझिल, दुसरी पाचर घेऊन आले होते. त्यांनीही त्या तापलेल्या चाकाला हात लावला. मग पँटला हात पुसला आणि शीळ घालत निघून गेले.

"घाट उतरून आलोय, म्हणून तापलं असेल," तो तरुण म्हणाला. "मी एलरॉय. एलरॉय फेब्रुअरी."

"फेब्रुअरी? मग एप्रिलमध्ये का उगवलास?"

"हा विनोद मी पहिलीपासून ऐकतोय."

"म्हणजे सवय असेल."

"सवय आहे. आवडला मात्र आज पहिल्यांदा."

संध्याकाळी निखाऱ्यांवर मटणाचे तुकडे चरचरायला लागले, आणि पुरुषमंडळींची नेहमीची पोथी उघडली. कोणाची गाडी शंभर किलोमीटरला किती पिते, कोणाचं टायर किती टिकलं, यंदा विम्याचा हप्ता कसा चढला. मासेमार माशांबद्दल जितकं खरं बोलतात, तितकंच हे लोक डिझेलबद्दल खरं बोलत.

"माझी दहा लिटर," अंकल सिरिल म्हणाले. "कॅराव्हॅन ओढून, बरं का."

"माझी बारा," डॅडी म्हणाले. "पण समोरून वारा होता."

"डॅडी, वारा मागून होता," रोनेल पुटपुटली.

"तू मटण उलट."

सगळ्यांनी नव्या पाहुण्याकडे पाहिलं. एलरॉयनं खांदे उडवले. "बावीस."

कॅम्पात एवढा खरा आकडा आजवर कोणी उच्चारला नव्हता. मग अंकल सिरिल असे हसले की त्यांच्या ताटलीतला पाव खाली पडला. "बावीस! बाळा, ती बक्की आहे की जहाज?"

रोनेल हसली नाही. खोटं बोलायची इतकी छान सोय असताना हा माणूस खरं बोलला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि एका बाजूचं मटण काळं झालं.

"म्हणूनच कॅराव्हॅन विकायचीय," एलरॉय म्हणाला. "ती आई-बाबांची. बाबांचे गुडघे गेले, म्हणाले तू वापर. पण मी अटलांटिस गावात सुतारकाम करतो. किचनची कपाटं बनवतो. एका सहलीच्या डिझेलमध्ये महिन्याची कमाई गेली तर कशी वापरू?"

डॅडी खुर्चीत पुढे सरकले. "मी घेतो," ते म्हणाले, आणि एक किंमत सांगितली. इतकी कमी, की मम्मीनं सुद्धा चहाच्या कपातून वर पाहिलं. पण एलरॉयनं मान डोलावली, हात हातात पडले. रविवारी सकाळी कागद व्हायचे ठरले.

शुक्रवारी सगळ्यांनी डब्यांतली आंबटगोड मासळी आणि पाव खाल्ला. एलरॉयला मम्मीनं ताटभर वाढलं, मग रोनेलनं त्याला नदीचं मुख दाखवायला नेलं. वारा सुटला होता. वाळूचे कण पोटऱ्यांना टोचत होते.

"इथं छान आहे," तो म्हणाला. "आता कळतंय बाबा दर वर्षी कॅराव्हॅन घेऊन कुठे ना कुठे का निघायचे."

"मग पुढच्या ईस्टरला?"

"घरी. छताकडे बघत पडेन." तो हसला, पण नीट नाही. "कॅराव्हॅन नसली तर या कॅम्पात मला कोण घेणार?"

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आणले. त्यानं हात उचलला... आणि मधेच थांबवून स्वतःच्याच मानेवर ठेवला. परत येताना त्यांची बोटं एकमेकांना लागली, दोघांनीही ते वाऱ्याच्या माथी मारलं.

त्या दुपारी ती पलंगावर पडून विचार करत होती. एक चाक तवा, एक कोमट. घाटाने तापलं असतं तर दोन्ही तापली असती. उष्णता फुकट येत नाही, हे ती दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगायची. कुठेतरी काहीतरी जळतंच. ते बावीस लिटर डिझेल जळत होतं कुठे? चाकात! उजव्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. बिचारी बक्की एक लंगडणारी कॅराव्हॅन फरफटत आणत होती.

आणि मग तिला डॅडींची ती शीळ आठवली.

ते बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते. "डॅडी, तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"चाक."

पेपर खाली आला नाही. "व्यवहारात तोंड उघडायचं नसतं, पोरी. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."

"त्याला माहीतच नाही, तर सांगेल काय?"

आता पेपर खाली आला. "नाताळात तुझ्या मम्मीचा पाय आपल्या कॅराव्हॅनच्या तळातून आरपार गेला, आठवतंय? फळी कुजलीय. ती म्हणाली, नवी मिळाली तर येईन, नाहीतर हे शेवटचं. तीस वर्षं येतोय आम्ही इथं." ते थांबले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "आणि खरं सांग, तुला सत्य बोलायचंय की पोराला ठेवून घ्यायचंय?"

रोनेलचे कान तापले. ती प्रामाणिक मुलगी होती, म्हणून तिला थोडा वेळ लागला.

"दोन्ही," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी तिनं एलरॉयच्या दारावर टकटक केलं. तो अर्धवट जागा, हातात काळी कॉफी.

"जॅक आहे?"

"शुभ सकाळ तुलाही."

उजवं चाक उचललं. तिनं ते फिरवायला लावलं. त्यानं जोर केला, चाक कण्हलं आणि जागच्या जागी राहिलं. डावं उचललं, तर बोटाच्या धक्क्यानं गरगरलं. एलरॉय कितीतरी वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत राहिला.

"म्हणजे मी इतके दिवस... ब्रेक लावून ओढत होतो?"

"हो."

मग दोघं कॅराव्हॅनखाली पाठीवर पडले. ब्रेकची तार गंजून अडकली होती. तिनं टॉर्च धरला, त्यानं तेल घातलं, तार पुढेमागे हलवली, पाना फिरवला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, आणि हलायला जागा असूनही कोणी हललं नाही. शेवटी खट् झालं. चाक फिरलं, फिरतच राहिलं.

"रोनेल," तो पडल्या पडल्याच म्हणाला, "अंकलना हे माहीत होतं?"

खोटं बोलायची छान सोय होती.

"हो," ती म्हणाली. "पण मम्मीचा पाय..." आणि तिनं सगळं सांगितलं, कुजलेल्या फळीसकट.

त्यानं आधी पाना खाली ठेवला. मग ग्रीसचे हात पुसत बाहेर सरकला. "फळी कुठल्या जाडीची आहे?" त्यानं विचारलं.

त्या संध्याकाळी निखाऱ्यांभोवती अंकल सिरिलनी डॅडींना टोमणा मारला. "काय बॅझिल, उद्या नवं घर?"

डॅडींनी मटणाचा तुकडा उलटला. पुन्हा उलटला. "नाही. पोराचं चाक धरलेलं होतं, आज दोघांनी मिळून ते सोडवलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो विकणार नाही, आणि त्यानं विकायलाही नको." ते खोकले. "आणि सांगतोच आहे, तर... माझी गाडी बारा पीत नाही. सतरा पिते."

अंकल सिरिल आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"पंधरा," ते शेवटी म्हणाले. "उतारावर."

मम्मी इतकी हसली की डोळे पुसायला तिला टॉवेल घ्यावा लागला. एलरॉय उठून डॅडींसमोर गेला. "अंकल, बक्कीत चांगल्या फळ्या आहेत, पण थोड्या कमी पडतील. तुमचा तळ मी नवा करून देतो. दोन-तीन शनिवार वूस्टरला यावं लागेल."

"दोन-तीन?" डॅडींनी रोनेलकडे पाहिलं. "सावकाश कर, बाळा. घाईचं सुतारकाम टिकत नाही."

सोमवारी कॅम्प उठला. एलरॉयनं कॅराव्हॅन जोडली. रोनेल फाटकापाशी उभी होती. शेकहँड करावा की काय करावं, हे दोघांनाही न कळल्यामुळे त्यांनी नुसतंच "बरंय" म्हटलं होतं. बक्की निघाली. धूळ उडाली. वळण आलं, क्रीम रंगाची पाठ झुडपांआड गेली...

आणि तिथेच ब्रेकचे लाल दिवे लागले.

ती धावत गेली. तिला वाटलं, पुन्हा चाक. तिनं वाकून तळवा ठेवला. चाक थंडगार होतं.

"काय झालं? का थांबलास?"

तो दार उघडून खाली उतरला. भुवईत पुन्हा भुसा.

"तू आरशात दिसेनाशी झालीस," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस... लगेच थांबायचं."

या वेळी त्यानं उचललेला हात मधे थांबवला नाही. मागे तीन कॅराव्हॅन हॉर्न वाजवत खोळंबल्या, आणि सगळ्यांत मोठा हॉर्न होता अंकल बॅझिलचा, इंजिन चालू ठेवून, डिझेलची जराही पर्वा न करता.