रेकॉर्डरवरची शेवटची ओळ

डॉक्टरांना माणसं आतून ओळखता यायची, बाहेरून नाही. हे त्यांच्या बायकोचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. बाजारात कुणी "ओळखलंत का?" म्हणालं की हे आपले कावरेबावरे. त्याच माणसाच्या छातीचा एक्स-रे दाखवा, कोणती बरगडी कधी मोडून जुळली ते घडाघडा सांगतील. तीस वर्षं हेच चाललेलं. पडदे ओढलेल्या खोलीत एक्स-रे वाचायचे, काय दिसतं ते रेकॉर्डरमध्ये बोलायचं, शेजारच्या खोलीत टाइपिस्ट बाईंनी ते ऐकून टाइप करायचं, आणि संध्याकाळी घरी जाऊन टोमॅटोच्या रोपांची उस्तवार करायची. इतक्या सरळसोट आयुष्यात भुताखेतांना शिरायला जागा कुठे होती? पण शिरलं खरं.

एका दुपारी टाइपिस्ट बाई कागद घेऊन दारात आल्या.

"डॉक्टर, ही शेवटची ओळ ठेवायची ना? तुम्ही जरा पुटपुटल्यासारखं बोललात."

ओळ होती, 'डावीकडे, गळ्याच्या हाडामागे बघा.'

डॉक्टर चमकले. रिपोर्टात 'बघा' म्हणायची त्यांची रीतच नव्हती. त्यांनी तो एक्स-रे परत उघडला आणि नाक टेकेल इतके पुढे वाकले. हाडाच्या सावलीत मसुरीएवढा ठिपका! त्यांच्या नजरेतून साफ निसटलेला.

मग त्यांनी रेकॉर्डर कानाला लावला. सगळ्या बोलण्यामागे खोलीतल्या पंख्याची घरघर होती. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. आवाज मात्र त्यांचाच… फक्त फार थकलेला.

दुसरा कुणी असता तर पाठीला पाय लावून पळाला असता. डॉक्टरांची उलट उत्सुकता चाळवली. आतून कडी लावून बोलून पाहिलं. रेकॉर्डर बदलून पाहिला. एकदा तर मोडलेलं बोट मुद्दाम गाळून 'सर्व ठीक' म्हणाले, तर शेवटी चिडीचूप. 'लबाडी बरी कळते याला!' असं म्हणत त्यांनी हसत हसत रिपोर्ट दुरुस्त केला. खरोखर चूक झाली तरच तो आवाज यायचा. तीन महिन्यांत पाच वेळा आला, आणि पाचही वेळा त्याचंच खरं निघालं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी आधी यांचंच डोकं तपासायला घेतलं असतं.

अशातच बायकोला खोकला लागला. पंधरा दिवस झाले तरी हटेना.

"अहो, जाईल की आपोआप. त्यात काय एवढं?"

"मुकाट्यानं चल," डॉक्टर म्हणाले. ते घाबरले होते. तिच्याशिवाय घर कसं चालतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

टेक्निशियननं तिचा एक्स-रे काढला. आता, घरच्या माणसाचा फोटो आपण वाचायचा नाही, हा या धंद्यातला साधा नियम. माया डोळ्यांवर झापड आणते. पण यांना धीर कुठला? चुकलोच तर आवाज सांगेल, अशी मनाची समजूत घालून ते वाचायला बसले. दोनदा वाचला. तीनदा वाचला. 'फुप्फुसं स्वच्छ,' असं रेकॉर्डरमध्ये बोलले आणि लगेच तो कानाला लावला.

स्वतःचं बोलणं संपलं. पंख्याची घरघर थांबली. डॉक्टरांनी रेकॉर्डर कानाशी घट्ट दाबला.

"अहो…"

बायकोचा आवाज. रडून रडून बसलेला.

"अहो… स्वतःचा कधी काढलात?"

ते ताडकन उठले. दार उघडून बघतात तर बायको बाहेरच्या बाकावर बसून मासिक चाळतेय.

"काय हो, चेहरा का असा पडलाय? काही वाईट आहे का?"

"तू ठणठणीत आहेस," असं म्हणून ते तडक एक्स-रेच्या खोलीत शिरले. "माझा एक काढ बाबा. छातीचा."

वीस वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेला टेक्निशियन हसला. "चेष्टा करताय का, सर? आत्ताच काढला की. मॅडम बाहेर गेल्या आणि पाठोपाठ तुम्हीच येऊन उभे राहिलात."

डॉक्टर तर तेव्हा पडद्यांच्या खोलीत वाचत बसले होते. पण यादीत बायकोच्या नावाखाली त्यांचं नाव होतं. त्यांनी उभ्याउभ्याच फोटो उघडला. उजवीकडे, खाली, वाटाण्याएवढी पांढरी गाठ. पण एवढीशी असताना सापडली तर कापून काढता येते, माणूस वाचतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी सर्जन मित्राला फोन लावला, फोटो पाठवला. "वेळेत सापडलंय. उद्या सकाळी ये," मित्र म्हणाला. मग बायकोला आत बोलावून त्यांनी सगळं सांगितलं.

"जगाच्या फुप्फुसांत डोकं घालून बसता, आणि स्वतःकडे…" ती त्यांचा हात घट्ट धरून रडत राहिली. डॉक्टरांना मात्र हलकं वाटत होतं. वाचलो, असं वाटत होतं.

टेक्निशियन दारात घुटमळत होता.

"सर, एक विचारू? मघाशी मी नेहमीसारखं म्हटलं, श्वास घ्या, धरा. फोटो काढला. मग म्हटलं, सोडा."

"मग?"

"तुम्ही सोडलाच नाहीत, सर. मी तीनदा म्हटलं. छाती हललीच नाही… तुम्ही तसेच, फार थकल्यासारखे, निघून गेलात."