सोबतीचा खडा

घरी कॉम्प्युटर जोडायचा ठरला तेव्हा आमच्या खानदानाची अक्कल जेवढी उघड्यावर आली, तेवढी शेताच्या वाटणीतही आली नव्हती. आणि ती वाटणी मीच मोजली होती. बीदरच्या मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. जे मोजता येतं ते आहे. बाकीचं कीर्तनकाराला देऊन मोकळं व्हावं.

कॉम्प्युटर हवा होता हर्षिताला. माझा पुतण्या संकर्षण बसवकल्याणला कॉलेजात शिकवतो, ही त्याची मुलगी. आमच्याकडे बीदरात राहून शिकली. हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरबसल्या इमारतींची चित्रं काढायचं काम तिला मिळू घातलं होतं. त्याआधी सोमवारी परीक्षा. आणि कंपनीचा तो परीक्षेचा प्रोग्रॅम असा शिष्ट, की मशीनमध्ये बत्तीस जीबी मेमरी दिसल्याशिवाय दारच उघडत नसे.

संकर्षणाने सांगून टाकलं होतं, "सोमवारी जमलं तर जमलं. न्हाई तर मंगळवारी सोलापूरच्या मंडळींना होकार कळवायलोय."

सोलापूरचा तो मुलगा मी पाहिला होता. चहात बिस्किट बुडवलं की ते बाहेर यायच्या आत त्याची जीभ बाहेर यायची.

बाकीचं सामान आलं. मेमरीवर गाडी अडली. रविकुमारचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला आहे. माणूस जाणता, पण नम्रपणे बोलतो; म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही.

"सर, सोळाच्या दोन पट्ट्या घ्या," तो म्हणाला. "चार जागा हायत. दोन मोकळ्या राहू द्या, पुढं वाढवता येतंय."

"चार खणांच्या कपाटात दोन खण रिकामे ठेवतंय का कोणी?" संकर्षण कडाडला. "घरात लक्ष्मी टिकंल का?"

"सर, हे कपाट न्हाई."

"आठाच्या चार दे. भरलेलं दिसाय पाहिजे. आणि ते दिवे लागतेत बघ, तसल्या."

"बाबा, दिवे कामून?" हर्षिताने कपाळाला हात लावला.

"कामून म्हणजे? आपण काय अंधारात बसायलोय?"

प्राध्यापकाने निवडलं ते असं. सर्कशीच्या घोड्यासारख्या लाल-निळ्या चमकणाऱ्या चार पट्ट्या घेऊन आम्ही घरी आलो.

शनिवारी दुपारी रविकुमार जोडणीला बसला. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळं मांडलं. एकेक पट्टी एकटी बसवून त्याने पाहिली. तीन चालल्या. चौथी मेलेली. बदली यायला आठ दिवस. त्याच जातीची पट्टी गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. तीन आठे चोवीस, हे कळायला कॉलेजात शिकवावं लागत नाही. संकर्षण तोंड पाडून, पण आतून खूष होऊन, बसवकल्याणच्या बसला गेला.

हर्षिता पेचकस हातात घेऊन बसून राहिली.

"तिघींवर चालू तर करून बघू, अक्का," रविकुमार म्हणाला.

स्वयंपाकघरातून सुमतीबाई आली. ही माझी बायको. "तिघांनी शुभकार्याला निघायचं न्हाई," ती म्हणाली. "चौथा घ्या सोबत."

आमच्याकडे ही रीत आहे. मुलगी बघायला तिघं निघाले, तर आपल्या दारातला एक खडा उचलायचा, त्याला चौथा मोजायचं. 'चल बाबा' म्हणून न्यायचं. काम झालं की जिथला तिथे परत ठेवून 'बस आता' म्हणायचं. मी असल्या मिरवणुकीत दोनदा गेलोय. दोन्ही वेळा खडा सोडून बाकी सगळे मूर्ख होते.

"जा, अंगणातला एक आणा," तिने मला फर्मावलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. अंगण घराच्या मागे. फाटकाशीच रस्त्याच्या कामाचा खडीचा ढीग पडला होता. रात्रीतून कुठला टिप्पर टाकून गेला होता, कोण जाणे. मी त्यातला एक उचलला.

सुमतीबाईने तो तळहातावर घेतला. "हा काळा हाय. आपल्या अंगणात सगळा लाल दगड."

"आपलाच आहे," मी म्हणालो. मला खोटं बोलायची सवय आहे आणि तिला ते ऐकायची.

तिने खड्याला कुंकू लावलं. "चल बाबा. चौथा हो." रविकुमार आदराने दुसरीकडे बघत राहिला. मी खडा मशीनच्या पेटीत, तळाच्या कोपऱ्यात, तारांपासून लांब ठेवला आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं आली.

मेमरी : बत्तीस जीबी. जागा भरलेल्या : चार.

रविकुमार वाकून पेटीत बघू लागला. चौथी खाच रिकामी होती. मी बोट घालून पाहिलं. बोटाला धूळ लागली.

"मशीन खोटं दाखवायलंय, सर," तो हळूच म्हणाला.

"मग माणसात बसवा त्याला," मी म्हणालो.

सोमवारी परीक्षा झाली. प्रोग्रॅम उघडला, चार तास चालला, एकदाही अडखळला नाही. संध्याकाळी कंपनीचा होकार आला; तीन महिने काम बघणार, मग कायमची नेमणूक. हर्षिता खुर्चीतून उठून नाचली. संकर्षणाला फोनवर शब्द सुचेना, हा त्या आठवड्यातला माझा सर्वांत मोठा आनंद.

आठ दिवसांनी बदलीची पट्टी आली. रविकुमारने ती चौथ्या खाचेत बसवली.

चाळीस जीबी. जागा भरलेल्या : पाच.

त्या मशीनला जागाच चार आहेत.

त्याने पट्टी काढली. बत्तीस. आणखी एक काढली. चोवीस. मग त्याने घाम पुसला आणि सगळ्या काढल्या. मेमरी नसली तर मशीन नुसतं शिट्ट्या मारतं, सुरू होत नाही, हे त्याने मला आधी दोनदा समजावून सांगितलं होतं. मशीन सुरू झालं.

आठ.

मी पेटीतून खडा काढला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. आत येऊन पाहिलं. आठच.

"आपला नव्हताच ना तो?" सुमतीबाईने दारातून विचारलं. मी खरं सांगितलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच असेल.

"मोजून घेतलेल्याला हाकलता येत न्हाई," ती म्हणाली. "पोचवावं लागतंय. जिथला तिथं ठेवून या जावा."

खडा घेऊन मी फाटकाबाहेर गेलो. ढीग नव्हता. रस्ता झाला होता. काळा, गुळगुळीत, रोलर फिरवलेला. मुकादमाला विचारलं, खडी कुठली? तो म्हणाला, "साहेब, कोळारच्या क्रशरवरची असंल. न्हाई तर जनवाड्याकडची. पाडलेल्या घरांची बी येती त्यात. कोण बघतंय?" छत्तीस वर्षं मी याच जातीच्या माणसांच्या सह्यांवर हद्दी आखल्या. खडा मी डांबराच्या कडेला ठेवला आणि, कोणी बघत नाही ना पाहून, 'बस आता' म्हणालो.

मशीन आठच दाखवत राहिलं.

रविकुमारने आपल्या हाताने चारही पट्ट्या बसवून दिल्या, चहा न घेता गेला, आणि पुन्हा फोन उचलला नाही.

"हे बंद करू," मी हर्षिताला म्हणालो. "दुसरं घेऊ."

"आणि तोवर काम? बाबा वाटच बघायलेत, अज्जा." तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "परीक्षा मी दिलीय. आत काय हाय ते असू द्या."

ती काम करत राहिली. काम भराभर होऊ लागलं. सकाळी अर्धी सोडलेली इमारत जेवून येईपर्यंत पाऊण झालेली असे. "मीच केलं असंल," ती म्हणायची. आधी हसून म्हणायची. पुढे नुसतंच म्हणायची.

तीन महिने भरत आले तेव्हा बसवकल्याणला तिच्या चुलत बहिणीचा साखरपुडा निघाला. शुक्रवारी ती गेली. जाताना मशीन बंद केलं, भिंतीतून वायर उपसली. खोलीला मी कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली.

रविवारी संध्याकाळी बापलेक परत आले. हर्षिताने फोन उघडला आणि खोलीच्या दाराशी थांबली.

कंपनीचं पत्र होतं. शनिवारी दिवसभर बसून उरलेलं काम पुरं केल्याबद्दल आभार. नेमणूक कायम. सही करून पाठवलेला करार मिळाला.

कुलूप जसंच्या तसं होतं. वायर जमिनीवर पडलेली.

करारावर हर्षिताची सही होती. खोट्या सह्या ओळखण्यात माझी जिंदगी गेली. ती खोटी नव्हती.

"मी शनिवारी जेवणाच्या पंगतीत होते," ती म्हणाली. "बाबा, होते ना?"

"होतीस की," संकर्षण म्हणाला. पण जरा थांबून म्हणाला.

तिने वहीचा कागद ओढला आणि सही केली. बघितली. खाली पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा, सावकाश, अक्षर लावून.

संकर्षणाने चष्मा चढवला. आधी फोनवरचा करार पाहिला. मान डोलावली. पोरीची सही तो पहिलीपासून ओळखतो.

मग त्याने वहीचा कागद उचलला, तीनही ओळींवरून बोट फिरवलं आणि तिलाच विचारलं,

"आणि ही कोणाची?"