पाचव्या दिव्यापासून

एक माणूस पहिल्या दिव्यापासून चालायला लागला. पाचव्या दिव्यापाशी पोचायला त्याला चाळीस मिनिटं लागली. दिवे सगळे सारख्या अंतरावर आहेत आणि त्याचं घर दहाव्या दिव्यापाशी आहे. त्याच वेगाने चालत राहिला, तर घरी पोचायला त्याला आणखी किती वेळ लागेल?

थांबा. उत्तर आलं असेल तर तोंडातच ठेवा. कोंदणमध्ये हे गणित समोर आलं तेव्हा त्याचं उत्तर ताबडतोब दिलं गेलं होतं, आणि चालणारा माणूस म्हणजे चैत्रालीचे बाबा होते.

कोंदण ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची छोटी वस्ती. पृथ्वीवरून येताना तिथल्या माणसांनी अगदी मोजकं सामान आणलं होतं, पण 'ज्याचं उत्तर पहिलं तो हुशार' ही समजूत कोणीतरी त्यात भरलीच होती. शाळेची सुरुवात पाढ्यांनी व्हायची. पावकी, निमकी, दिडकी (पावपट, अर्धपट आणि दीडपटीचे पाढे) मुलं धडाधड म्हणायची. शिकवायला एक यंत्रमानव होता आणि वस्तीची सगळी आकडेमोडही तोच करायचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं पाढ्या. गणित वाचून झालं रे झालं की पाढ्या विचारायचा, "बेरीज की गुणाकार? लवकर!" मग मुलं एखादा शब्द पकडून अंदाजाने ठोकून द्यायची. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. गणितात घडतंय काय, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

चैत्रालीला ही घाई जमत नसे. तिचा नंबर कायम शेवटचा. म्हणून शाळा सुटली की ती आजोबांकडे शिकायला बसायची. तिचे तात्या, म्हणजे डॉक्टर सदाशिव खोपकर, चंद्रावरच्या बर्फाचे शास्त्रज्ञ होते.

"आधी मला गणिताची गोष्ट सांग," ते म्हणायचे. "सांगता येत नसेल तर चित्र काढ. आकडे मोठे वाटले तर छोटे करून बघ. आणि उत्तर आलं की उलट जाऊन तपास."

"पण तात्या, यात वेळ किती जातो!"

"जाऊ दे. चुकीच्या रस्त्याने धावत सुटण्यापेक्षा बरं."

त्या दिवशी बाबा बर्फाच्या खाणीवर गेले होते. परतताना त्यांची गाडी सुरूच होईना. पहिला दिवा खाणीच्या तोंडाशी होता आणि दहावा वस्तीच्या दाराशी. बाबा पायी निघाले. वाटेत फक्त पाचव्या दिव्यापाशी संदेश पाठवायची सोय होती. तिथून त्यांचा आवाज वस्तीत आला. दाराजवळ आई, तात्या, चैत्राली आणि पाढ्या ऐकत होते.

"गाडी बंद पडली. पाचव्या दिव्याशी आहे. पहिल्यापासून इथवर चाळीस मिनिटं लागली. प्राणवायू पंचेचाळीस मिनिटांचा उरलाय. येतो मी, काळजी करू नका."

पाढ्याने लगेच हिशोब मांडला. "पाच दिव्यांना चाळीस, म्हणजे एका दिव्याला आठ मिनिटं. पाच दिवे उरले. आठ पंचे चाळीस. प्राणवायू पुरेल."

आईचा हात बाहेर जायच्या पोशाखाकडे गेला होता, तो खाली आला. बाहेर सौरवादळ (सूर्याकडून येणाऱ्या अतिवेगवान कणांचा मारा) सुरू होतं. अशा वेळी फार गरज असल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही, असा वस्तीचा नियम होता. तात्यांनीही मान डोलावली. चाळीस म्हणजे चाळीस, त्यात काय बघायचं!

चैत्राली मात्र पाटीवर ठिपके काढत होती. दहा ठिपके काढून ती गोंधळली. मग तिने आकडे छोटे केले. दोनच दिवे घेतले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं अंतर एकच. तीन दिवे घेतले, तर अंतरं दोन.

तिने पाटी तात्यांसमोर धरली.

"तात्या, बाबा पहिल्या दिव्याशी उभेच होते. तिथपर्यंत ते चालले नाहीत. पाच दिव्यांमध्ये अंतरं चारच आहेत!"

तात्यांचा चेहरा उतरला. "तपास," ते हळूच म्हणाले.

"एका अंतराला आठ मिनिटं धरली तर आठ चोक बत्तीस. पण बाबांना चाळीस लागली. म्हणजे एका अंतराला दहा. आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंत अंतरं पाच." तिने शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "पन्नास मिनिटं लागणार, तात्या."

बाबा केव्हाच पुढे निघाले होते. आता त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

"आता शेवटाकडून मागे ये," तात्या म्हणाले. "प्राणवायू संपायच्या आत ते कुठवर येतील?"

"चाळीस मिनिटांत नवव्या दिव्याशी. त्याच्यापुढे पाचच मिनिटं."

"तिथे त्यांना नवा सिलिंडर मिळायला हवा. दारापासून तिथवर दहा मिनिटं. पोशाख चढवायला वीस."

"म्हणजे तीस. आई, आत्ता निघालीस तर पोचशील!"

आईने पोशाख चढवला, सिलिंडर घेतला आणि ती गेली.

दार बंद झालं आणि चैत्रालीला खरी भीती वाटली. आपलं चित्र चुकलं असेल, तर आई विनाकारण त्या वादळात गेली. ती तात्यांना बिलगली. त्यांनी पाटी तिच्यासमोर धरली, आणि दोघांनी प्रत्येक अंतरावर बोट ठेवत ते पुन्हा मोजलं. पुन्हा पाचच आली.

दार उघडलं तेव्हा आत दोघं आली. बाबांच्या जुन्या सिलिंडरचा काटा शून्याला टेकत आला होता.

"प्रत्येक दिवा मला वाटलं त्यापेक्षा उशिरा येत होता," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझेच पाय मंदावलेत." त्यांनी चैत्रालीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तात्या आले. खाणीच्या वाटेवर आता प्राणवायूच्या पेट्या ठेवायच्या होत्या.

"किती दिव्यांआड एक पेटी ठेवली, तर यापुढे कोणाचाच प्राणवायू वाटेत संपणार नाही?" त्यांनी विचारलं. "उत्तर मलाही माहीत नाही."

कोणीही हात वर केला नाही. सगळ्यांनी पाट्या काढल्या. जरा वेळाने छोट्या उर्वीने विचारलं, "तात्या, मोठी माणसं भराभर चालतात. पण कोणी दमलेलं असलं तर?"

"हं, हे गणितात घ्यायलाच हवं," तात्या म्हणाले.

पाढ्या पुढे आला. "माझ्याजवळ उत्तर तयार आहे," तो म्हणाला. "पण आधी मलाही चित्र काढायचंय."

चैत्रालीने सरकून त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.