यादीतले यजमान

उज्जैनला देवास गेटच्या मोटारस्टँडवर सकाळी आठ वाजता चारुलता एकटीच उभी होती, आणि एकटं उभं राहण्यासाठी माणसानं इतकं नटू नये. नवंकोरं मोतिया पातळ, वेणीवर मोगऱ्याचा गजरा, हातात स्वतः केलेल्या चिवड्याचा डबा. आज तिच्या वर्गाची निरोपाची सहल होती. कालियादेह महालावर जायचं, दाल-बाफले खायचे, गाणी म्हणायची, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा, असा सगळा थाट ठरला होता. पण आठ वाजून गेले तरी मोटार नाही. आणि मोटारीचं सोडा, वर्गच नाही!

नवं मध्यप्रदेश राज्य होऊन पाचच महिने झाले होते. त्याच्या चारी कोपऱ्यांतले तीस शिक्षक सरकारनं तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी उज्जैनला आणून बसवले होते. चारुलता मूळची वर्ध्याची, नोकरी बऱ्हाणपूरच्या शाळेत. तीन महिन्यांत तिला इथे एक मैत्रीण जोडता आली नाही. फ्रीगंजातली भाड्याची खोली संध्याकाळी खायला उठायची. मग बाईसाहेब दर रविवारी स्टेशनवर जायच्या आणि वर्ध्याच्या वाटेवरची, भोपाळकडे जाणारी गाडी सुटताना बघायच्या. बसायच्या नाहीत हो, नुसत्या बघायच्या.

"आल्याच तर तुम्ही!"

सायकलवरून श्रीनाथ पागनीस उतरला, आणि चारुलताचे कान लाल झाले. श्रीनाथ तिच्याच वर्गातला. इथल्याच शाळेत चित्रकला शिकवणारा, सात पिढ्या उज्जैनमध्ये मुरलेला, आणि मराठी बोलता बोलता बेधडक हिंदीत शिरणारा.

"बाकीचे कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"सहल रद्द झाली न. काल बदल्यांचे हुकूम आले. अर्धा वर्ग सामान बांधून निघूनसुद्धा गेला. शाम को नोटीस लागली होती."

ती काल दुपारीच खोलीवर गेली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तीस माणसं... एकालाही माझी आठवण झाली नाही?"

"मला झाली न."

"मग काल येऊन सांगायचं होतं!"

"काल सांगितलं असतं," श्रीनाथ सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला, "तर आज तुम्ही आल्या असत्या?"

इश्श! तिनं पदरानं डोळे टिपले, पण ओठांवरचं हसू काही टिपता येईना.

"चला, रामघाटावर बसू. आईनं पहाटे उठून बाफले करून दिले आहेत. शेवटी मी तुमचा... म्हणजे... यादीत नाव आहे माझं."

ती यादी! बाहेरगावच्या प्रत्येकाची सहलीत नीट सरबराई व्हावी म्हणून एकेक उज्जैनकर नेमून दिला होता. वर्गप्रमुख तिवारीजींनी भर वर्गात खणखणीत आवाजात वाचलं होतं, "कुमारी चारुलता देव. यजमान, श्रीनाथ पागनीस!" हिंदीवाल्यांना त्यात काहीच वाटलं नाही. चार मराठी माणसं मात्र बाकावर डोकं ठेवून हसली. आता तुम्हीच सांगा, मराठी मुलीचे यजमान असे चारचौघांत जाहीर झाल्यावर तिनं काय करावं? तिनं आठ दिवस श्रीनाथकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

"मी तिवारीजींना म्हटलं, शब्द बदला," चालता चालता श्रीनाथ सांगू लागला. "ते म्हणाले, अरे भाई, यजमान में क्या बुराई है?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"विचार केला... आणि म्हटलं, काही बुराई नाही."

"फारच विचारी आहात!"

रंगपंचमी होऊन चार दिवस झाले होते. घाटाच्या पायऱ्यांवर अजून गुलाबी डाग होते. दोघं एक पायरी सोडून बसली. तुपानं निथळणारा कणकेचा बाफला तिनं वरणात कुस्करला, पहिला घास घेतला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला आपण कुणाच्या तरी घरचं जेवतो आहोत असं वाटलं. श्रीनाथनं तिचा अर्धा चिवडा केव्हाच संपवला होता.

एवढ्यात छत्रीखालच्या पंड्यानं हाक मारली, "आओ जजमान! जोड़े से आए हो, जोड़े से पूजन करा दें!"

श्रीनाथनं 'नाही' म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. तीही म्हणाली नाही. दोघं नदीकडे बघत राहिली, आणि पंडा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"उद्या मला फॉर्म द्यायचा आहे," ती म्हणाली. "वर्धा आता मुंबई राज्यात गेलं. तिकडे जायचं की इकडेच राहायचं, ते लिहून द्यायचं. दादाचं पत्र आलंय, 'घरी ये'. मी... कुणी थांब म्हटलं, तर मी थांबेन."

झालं, बोलून गेली पोरगी! ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मुंबई राज्य लिहा," श्रीनाथ म्हणाला.

"म्हणजे... मी जाऊ?"

"जा. रविवारी स्टेशनवर मी तुम्हाला पाहत होतो, चारुलताबाई. गाडी निघून गेल्यावर तुमचा चेहरा असा होऊन जायचा की... मला बघवत नव्हतं." त्यानं डबा बंद केला, उगाच पुन्हा उघडला. "मी आज थांबा म्हटलं तर तुम्ही थांबाल. पण मग सारी उम्र मला वाटत राहील, बिचारी एकटी होती, म्हणून हो म्हणाली. मला असं हो नको आहे. घरी जा, आपल्या माणसांत राहा. तिथेही माझी याद आली तर दोन ओळी लिहा. मी येतो, तुमच्या दादांना भेटायला."

"आणि नाही आली तर?"

"तर..." तो हसला, पण हसू जमलं नाही. "तर चिवडा फार छान होता."

चारुलताला इतका राग आला, इतका राग आला, आणि त्या रागातच तिला कळलं की हा माणूस आपल्याला हवा आहे. पण सांगून उपयोग नव्हता. इथे बसून सांगितलेलं तो खरं मानणार नव्हता.

तिनं फॉर्मवर मुंबई राज्य लिहिलं. मंगळवारच्या गाडीनं ती निघाली. या वेळी ती गाडीत होती आणि तो फलाटावर.

वर्ध्याला सगळे होते. वहिनीनं पुरणपोळ्या केल्या, भाच्यांनी मांडीवर जागेसाठी भांडणं केली, शेजारच्या काकू तास तास बसून गेल्या. पंधरा दिवस घर कसं माणसांनी भरून वाहत होतं. सोळाव्या दिवशी दुपारी पंगत अर्धी टाकून चारुलता उठली, आतल्या खोलीत गेली आणि पोस्टकार्ड घेऊन बसली. पोस्टमन वाचेल, पोस्टमास्तर वाचतील, अगदी सगळं गाव वाचेल. वाचू दे.

तिनं लिहिलं, 'घर भरलेलं आहे. सगळी माणसं माझी आहेत. तरी करमत नाही. आता या.'