मापाची मुलगी

काम एका सहीचं होतं, म्हणून लेक भरदुपारी अभिलेखागाराच्या तळघरात गेली. तिची आई नावाजलेली लँडस्केप आर्किटेक्ट. शहरातल्या निम्म्या बागा तिच्या हातच्या. आई गेल्यावर तिचे सगळे नकाशे या तळघरात आले आणि घर एकदाचं मोकळं झालं, असं लेकीला वाटलं होतं.

अभिलेखागार सांभाळणाऱ्या बाई कौतुकाने एकेक नकाशा उलगडत होत्या.

“प्रत्येक झाडाशेजारी ही दोन वेण्यांची मुलगी. गोड आहे, नाही?”

“मीच ती,” लेक म्हणाली. “झाडाची उंची कळावी म्हणून आई मला मापाला उभी करायची. उन्हातान्हात, तासन्‌तास. बसायची सोय नव्हती.”

बाई ओशाळल्या. सहीचा कागद आणायला वर गेल्या.

पंख्याची घरघर थांबली. बंद तळघरात ओल्या मातीचा वास पसरला. लेकीने खुर्ची ओढली, पण गुडघे वाकेचनात. कानामागे शिसपेन्सिल खरखरत होती.

“हलू नकोस… थोडंच राहिलंय…”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काहींची मेल्यावरही जात नाही. लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पाठोपाठ संताप आला, आणि तो भीतीला पुरून उरला.

“आयुष्यभर तुझं थोडंच राहिलेलं असतं. तुझ्या झाडांना सावल्या आल्या, आई. त्यात मला कधी बसू दिलंस? आता नाही मी उभी राहणार.”

थंड बोटांनी तिचा दंड पकडला, वर खेचला. तिने दात-ओठ खाऊन हिसका दिला आणि सरळ फरशीवर फतकल मारली. मग टेबलावरच्या नकाशातल्या मुलीकडे बघून म्हणाली, “तूही बस गं.”

खरखर थांबली. बाई परतल्या तेव्हा तिने सहीसुद्धा खाली बसूनच केली.

ती घरी पोचते तोच बाईंचा फोन आला.

“नकाशे गुंडाळायला घेतले… सगळ्या मुली खाली बसल्यात.” बाईंना धाप लागली होती. “एकीचा दंड मात्र कुणीतरी धरलाय. नुसता हात काढलाय… मघाशी मनगटापर्यंतच होता. आता कोपर आलंय…”

लेकीने काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली.

“तिला म्हणावं, उठू नकोस. मी आलेच.”