जाणता खटका

कुलथ्यांच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या काचेच्या टाकीत राजा नावाचा अरोवाना मासा होता. हीटरमधून पाण्यात जरा वीज झिरपली की सुरक्षेचा खटका पडायचा, हवेचा पंप थांबायचा आणि राजा वर येऊन तोंड उघडझाप करत राहायचा. महिन्यात तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा श्रीरंग कुलथ्यांनी इलाही मुलाणी या जुन्या वायरमनला बोलावलं.

"साहेब, हीटर नवा घ्या आणि हाच ईएलसीबीचा खटका ऱ्हाऊ द्या. पाण्यात करंट उतरला की लगेच लाइन तोडतोय."

"आणि मासा मेला म्हणजे? आता जाणता खटका आलाय. वीज कुणाच्या अंगातून जातेय ते तो ओळखतो. माणूस असला तरच लगेच तोडतो. बाकी काही असेल तर सात सेकंद थांबून बघतो."

"त्याचंच भ्या वाटतं. साध्याला माणूस, मासा काय कळत न्हाई, म्हणून तो बरा."

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. पण कुलथे इंजिनिअर होते. त्यांनी जुना ईएलसीबी काढून जाणता खटका बसवला. हीटर मात्र तोच राहिला.

खटक्याच्या पडद्यावर प्रश्न आला, 'घरातली माणसं किती?' श्रीरंगनी 'तीन' दाबलं. मग ते, त्यांची बायको हेमलता आणि मुलगी आर्या, तिघांनी एकेक मिनिट पाण्यात हात धरला. प्रत्येक शरीर विजेला निराळा विरोध करतं, त्याची नोंद झाली. ज्यांची नोंद, तेवढीच त्या यंत्राच्या लेखी माणसं. हेमलता नाक मुरडतच हात धुवायला गेली. शेवाळाची तिला किळस होती. टाकी गेली आठ वर्षं कामवाली शालन घासायची आणि त्या वेळी ती मागे मोरीत भांडी घासत होती. तिला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांचे हात त्या पाण्यात कधी जाणार नव्हते, त्यांचीच तेवढी काळजी घेतली गेली.

पुढच्याच गुरुवारी सकाळी हीटरची काच तडकली. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या शालनने पाण्यात उजवा हात घातला आणि तिची मूठ आवळली, ती सुटेचना. खटका शांतपणे सात सेकंद थांबला, मग पडला. राजाला काहीही झालं नाही.

शालन वाचली, पण उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. पाच घरची धुणीभांडी त्या हातावर होती.

श्रीरंगनी यंत्रातली नोंद वाचली. 'अनोळखी जीव. सात सेकंद पाहिले.' खाली ओळखीच्या जिवांची यादी होती, तीन नावांची नव्हे, चार नावांची. मासा वळवळला तरी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी यंत्राला 'राजा, मासा' अशी त्याचीही ओळख करून दिली होती, ते त्यांना आता आठवलं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दवाखान्यात हेमलता मोसंबी घेऊन बसली होती. श्रीरंग दाराशीच उभे राहिले.

"शालन, अगं, तुझं नाव घालायचं राहूनच गेलं गं. तू काय आम्हाला परकी आहेस का?"

शालन पांघरुणावर पडलेल्या आपल्या बोटांकडे बघत होती.

"ऱ्हाऊ द्या वहिनी. मुलाणीमामा सांगत व्हते, त्यात समद्यांची नावं घालाय लागत्यात म्हणून. मला एवढंच सांगा, माशाचं घातलं व्हतं का?"